खाटेवर सावधान

नाडीच्या टोकाची पत्र्याची इवलीशी नळी निघून गेली होती आणि तिच्या जागी कुणीतरी काळा रेशमी दोरा गुंडाळून गुंडाळून शेवटी एक चपटी, घट्ट गाठ मारली होती – दोरा जखमा शिवायचा, गाठही सर्जनची, दोन वेढे घेऊन उलटी बसवलेली... आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, तर बुटाच्या नाडीसाठी! युरानी बाकावरून वाकून बघतच राहिली. काय सुरेख मारली होती मेल्यानं. तिला स्वतःला ही गाठ साधायला महिनेच्या महिने लागले होते, खुर्चीच्या पायाला दोरे बांधून बांधून. आणि इथं कुणीतरी ती सहज, बहुधा जांभई देता देता, पायतणावर उधळून टाकली होती.

बूट रांगेनं ठेवले होते. लष्करी इस्पितळातल्या या ऑपरेशन विभागाच्या दारात बूट काढायचे आणि आत रबरी सपाता घालून जायचं, ही इथली रीत. पण काढणारे सगळे लष्करातले, तेव्हा ठेवणंही लष्करी – टाचा भिंतीला टेकलेल्या, टोकं एका रेषेत, आणि पॉलिश असं की छतावरच्या दिव्याची रेघ प्रत्येक बुटात वेगळी दिसावी. माणसं आत होती, बूट तेवढे पहाऱ्यावर. तिनं आपले कापडी बूट बाकाखाली ओढून घेतले, गणवेश विसरून शाळेत आलेल्या पोरीसारखे. एक दिवस राहा आमच्याबरोबर, बघा, असं कर्नल बुरिटिका फोनवर म्हणाले होते – सर्जरीचे प्रमुख तेच – आणि संध्याकाळी मला सांगा, हो की नाही. ‘बघू’ हे उत्तर लष्करात नसतं, डॉक्टरीणबाई.

हो म्हटलं, तर आधी कवायत, मग लेफ्टनंटची पट्टी, मग चार वर्षं या इमारतीत, बोगोताच्या या हाडं गोठवणाऱ्या गारठ्यात, सर्जरी – आणि अशी सर्जरी की जी देशात दुसरीकडे कुठं शिकायला मिळत नाही, हे तिचे बाहेरचे मास्तरही नाक मुरडत का होईना, कबूल करायचे. त्यानंतर पाठवतील तिथं, म्हणतील तितकी वर्षं. नाही म्हटलं, तर... लष्कराबाहेरच्या सर्जरीच्या जागांसाठी ती पुन्हा पुन्हा परीक्षेला बसली होती आणि पुन्हा पुन्हा तोंड पाडून परतली होती. नाही म्हटलं, तर गावाकडच्या दवाखान्यात जन्मभर खोकल्याची औषधं द्यायची, आणि कुणाचं पोट उघडायची वेळ आली की त्याला गाडीत घालून दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवायचं, आणि गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत बघत उभं राहायचं. यात विचार करण्यासारखं होतं काय? मग या बुटांवरून नजर का हलू नये?

बूट... आमच्याकडे, तोलिमात, चापर्रालच्या वरच्या डोंगरात, आलेला माणूस कोण हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखत नसत. चेहऱ्याकडे बघायचंच नसतं. पायांकडे बघायचं. नाडीचे कातडी बूट असतील तर सैन्य, रबरी असतील तर ते दुसरे, जंगलातले बंदूकवाले, आणि रबरीच पण चिखलानं बरबटलेले, एका अंगानं झिजलेले असतील तर आपलाच कुणी शेजारी, कॉफी तोडून आलेला. आई तर चुलीपुढून मानही न वळवता नुसत्या आवाजावरून सांगायची. आणि कुणीही असो, उत्तर एकच – आम्ही काही पाहिलं नाही, साहेब. आमचं सगळं बरं आहे, साहेब. मी नऊ वर्षांची होते, टेबलाखाली शेंगा सोलत बसले होते; बाबांनी टोपी डोक्यावर ठेवली, आणि त्यांच्यामागून दाराकडे निघालेले ते पाय... आईनं डोळ्यांनीच दटावलं, खाली बघ. मी खाली बघितलं, म्हणून तर ते बूट दिसले. कातडी होते. की रबरी? किती वेळा मी ते मनातल्या मनात बाहेर काढून बघितलेत. कधी त्यांना नाड्या असतात, कधी नसतात. बाबा परत आले नाहीत. मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आणि आज, इथं, या रांगेपुढं बसून आठवताना जर त्यांना नाड्या निघाल्या, तर?

“सलामी देताय की चोरताय?”

ती दचकली. आतून एक लांबलचक, झोपाळू माणूस आला होता, हिरव्या कपड्यांत, टोपीनं कपाळावर वळ पाडलेला. तिसऱ्या वर्षाचा, लेफ्टनंट ऑस्पिना, असं त्याच्या खिशावर आणि त्याच्या डोळ्यांखाली, दोन्हीकडे लिहिलेलं होतं. तो तिच्या शेजारी धपकन बसला आणि त्यानं नेमका तोच बूट ओढला.

“गाठ तुमची?”

“नाडीचं टोक विस्कटलं की तपासणीत बोलणी खावी लागतात. नवी नाडी मागायची तर चार साहेबांच्या पाया पडा. रेशीम काय, कचऱ्यात पडलेलं असतं.” त्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “म्हणजे तुम्हीच त्या. कर्नलसाहेबांचा नवा बकरा.”

“माझं अजून ठरलं नाही.”

“बकऱ्याला कोण विचारतंय हो! चार वर्षं माणसाची छाती उघडायला शिकायचं, आणि मग जंगलातल्या चौकीवर बसून शिपायांच्या गोचिड्या उपटायच्या. आई खूश होईल तुमची.”

“आई या विषयावर बोलतच नाही.”

“नशीबवान आहात. माझी अजून बोलते.”

तिला हसू आलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच श्वास पोटापर्यंत गेल्यासारखा वाटला. हा माणूस तिला आवडला. असली माणसं असतील तर... पण हेही तिच्या लक्षात आलं की हसता हसता त्यानं नाडी बांधली ती न बघता, एका हातानं, आणि ती बांधताना त्याची पाठ ताठ होती.

दोघं फेरीसाठी वॉर्डाच्या दारात पोचताच कुणीतरी ओरडलं, “सावधान!”

आणि युरानीनं जन्मात न पाहिलेली गोष्ट पाहिली. अख्खा वॉर्ड झोपल्या झोपल्या सावधान झाला. दोन्ही बाजूंच्या खाटांवरून एकच सळसळ गेली, हनुवट्या वर झाल्या, नजरा छताला भिडल्या, हात अंगालगत सरळ, अंगठा जिथं विजारीची शिवण असायची तिथं – चादरीवर. ज्याला पाऊल नव्हतं त्यानं उरलेला पाय सरळ केला. ज्याला मनगट नव्हतं त्यानं बँडेजचा बोळा कमरेशी घट्ट धरला. शेवटच्या खाटेवर एकाचे दोन्ही डोळे पट्टीखाली होते, आणि तोही छताकडे बघत होता. तिला आधी हसूच फुटणार होतं, खरं सांगायचं तर – हा काय पोरखेळ, आजारी माणसांना! – पण ते फुटलं नाही, कारण अंगावर काटा आला होता, दंडापासून मानेपर्यंत. ही माणसं मोडलेली होती, अर्धीमुर्धी होती, आणि त्या मोडलेल्या तुकड्यांना कुणीतरी एका शब्दानं पुन्हा रांगेत उभं केलं होतं. देवळात आल्यासारखं झालं तिला. देवळात येते तशी भीतीही वाटली.

मग एकेक खाट आपली वर्दी देऊ लागली. नाव, तुकडी, काय गेलं, आणि शेवटी ठरलेलं. “...उजवं पाऊल घोट्यापासून नाही. सर्व ठीक, लेफ्टनंटसाहेब!” “...डावा डोळा नाही. सर्व ठीक, लेफ्टनंटसाहेब!” ऑस्पिना प्रत्येकाला ऐकून घ्यायचा, जखम बघायचा, खांद्यावर थाप द्यायचा, पुढं जायचा. त्याचा हात हलका होता. तो काही दगड नव्हता.

खिडकीपाशी सार्जंट मोस्केरा होता, समुद्राकाठचा काळाभोर, धिप्पाड गडी, दोन्ही पाय गुडघ्याखाली गेलेला आणि आवाज मात्र शाबूत. त्याच्या शेजारच्या खाटेवर एक पोरसवदा शिपाई. गालावर पुरती दाढीही नव्हती.

“शिपाई तुल्कान. डावी नडगी मोडली. सर्व ठीक, लेफ्टनंटसाहेब!”

“कशानं मोडली तेही सांग की,” मोस्केरा छताकडे बघतच म्हणाला.

पोराचे कान लाल झाले. “खेचर पडलं अंगावर, साहेब. काल. उतारावर.”

सगळा वॉर्ड हसला – सावधान न मोडता, नुसत्या पोटांनी, चादरी हलल्या तेवढ्याच.

“आमचे पाय सुरुंगानं नेले, ह्याचा खेचरानं! आणि खेचर कसं आहे रे?”

“खेचर बरं आहे, सार्जंट.”

“देव पावला! सरकारी माल आहे तो.”

ऑस्पिनानंही ओठ चावला. पोराच्या पायाला मागून अर्धं प्लास्टर होतं, वर पट्टी. त्यानं बोटांची नखं दाबून बघितली, पावलावर नाडी चाचपली, बोटं गरम आहेत म्हणाला, आणि पुढच्या खाटेकडे वळला. युरानी एक पाऊल मागं राहिली. का, ते तिला सांगता आलं नसतं. या गारठ्यात पोराच्या वरच्या ओठावर घाम होता. उशाशी गुळाचं पाणी निवून गेलेलं, चीजचा तुकडाही तसाच, आणि आडनावावरून पोरगा दक्षिणेतल्या पास्तोकडचा, तिकडचा गडी चीज टाकत नाही.

“खूप दुखतंय का रे?” तिनं खाली वाकून विचारलं.

“नाही, डॉक्टरीणबाई.”

“थोडं तरी?”

“सर्व ठीक, डॉक्टरीणबाई. आपली कृपा.”

“हे बघ, माझ्याशी खरं बोललास तरी चालेल. मी लष्करातली नाही.”

हे ती त्याला धीर द्यायला म्हणाली होती, आणि तिथंच चुकलं. तिला ते तिच्याच शब्दांच्या शेवटी कळलं. पोराचे डोळे उघडेच राहिले आणि त्यांच्यामागचं दार लागलं – हळूच, आदरानं, कडी घालून. ती लष्करातली नाही, म्हणजे बाहेरची. बाहेरच्या माणसाला काय सांगतात हे त्याला शिकवलेलं होतं. आणि अगं बाई, ही नजर तर मी ओळखते... चुलीपुढून उठून, एप्रनला हात पुसत, दारात येऊन उभी राहणाऱ्या आईची ही नजर. आमचं सगळं बरं आहे, साहेब. आज दाराच्या अलीकडे तो होता आणि पलीकडे, पायरीवर, मी. कितीही गोड बोला, कितीही खाली वाका, पायरीवरचा माणूस पायरीवरच.

“लेफ्टनंट,” ती म्हणाली, आणि आपला आवाज चढलाय हे तिला जाणवलं, “त्याच्या पोटरीचं काही खरं दिसत नाही मला.”

“नाडी लागतेय, बोटं गरम आहेत, आणि स्वतः म्हणतोय ठीक आहे. भांडू का त्याच्याशी?” पण ऑस्पिना परत वळला होता, त्याचा हात पट्टीकडे गेलाही होता, तेवढ्यात दारातून पुन्हा ती आरोळी आली आणि वॉर्ड, जो आधीच ताठ होता, आणखी ताठ झाला.

कर्नल बुरिटिका. तिनं फोनवरच्या आवाजावरून कुणी पहाडासारखा माणूस कल्पिला होता. आला तो बुटका, पोट सुटलेला, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला, एखाद्या किराणा दुकानाचा मालक शोभेलसा. तो जखमांकडे बघत नव्हता. चेहऱ्यांकडेही नाही. चादरीवरच्या हातांकडे बघत, रमतगमत, दोन रांगांमधून येत होता, आणि तुल्कानपाशी थांबला. तेव्हा कुठं युरानीला दिसलं. बाकी सगळ्यांचे हात अंथरुणावर ठेवलेले होते. या पोराचे अंथरुणात रुतले होते. अंगठ्याचं नख पांढरंफटक.

“नाव?”

“शिपाई तुल्कान! डावी नडगी मोडली! सर्व ठीक, कर्नलसाहेब!”

कर्नलनं चष्मा काढून छातीवर सोडला. आणि मग त्या किराणावाल्याच्या पोटातून कवायतीच्या मैदानावरचा आवाज आला, मोठा नाही, पण खालून येणारा, ज्याला नाही म्हणता येत नाही असा:

“शिपाई तुल्कान... विश्राम!”

क्षणभर काहीच झालं नाही. झोपलेल्या माणसानं विश्राम कसा व्हायचा, पाय फाकायचा तर पाय प्लास्टरात... पण मैदानावर हजारदा ऐकलेला तो शब्द कुठंतरी आत पोचला होता. आधी हनुवटी खाली आली. मग खांदे. मग मुठी सुटल्या, आणि त्यामागून, फार खोलातून, एक आवाज वर येऊ लागला, जो त्या पोराचा वाटेचना, आणि मग तो त्याचाच झाला.

“आई गं... आई गं साहेब, मेलो... रात्रीपासून... कापून टाका तो पाय, साहेब, कापून टाका...”

“ओरड,” कर्नल म्हणाला. त्याचा एक हात पोराच्या कपाळावर होता. “ओरड, बाळा. हुकूम आहे.” दुसऱ्या हातानं त्यानं पायाचा अंगठा जरासा, अगदी जरासा वर उचलला, आणि जी किंकाळी आली तिनंही कुणी हललं नाही. मोस्केरा छताकडेच बघत होता आणि त्याच्या कानशिलांवरून पाणी उशीत जात होतं.

“थिएटर. आत्ता,” कर्नल म्हणाला, “पट्टी इथंच कापा.” मग ऑस्पिनाकडे वळून, शांतपणे, “रात्रभर त्याला विचारत होतात, दुखतं का म्हणून. सावधानमध्ये उभ्या माणसाला कधी काही दुखतं का, लेफ्टनंट?” ऑस्पिनाचे कानही आता त्या पोराइतके लाल झाले. आणि युरानीकडे न बघताच, “तुम्हीही या. हात धुवा.”

तिनं नंतर तो तासभर पुष्कळदा आठवून पाहिला – नंतर म्हणजे त्याच दुपारी, पण तिला तो फार जुना वाटू लागला होता, लहानपणी बघितलेल्या जत्रेसारखा. पोटरी लाकडासारखी लागत होती. कातडी उघडल्यावर खाली पांढरं पटल, ढोलकीवर ताणलेल्या कातड्यासारखं घट्ट, आणि कर्नलच्या कात्रीचं टोक त्यात शिरलं आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सरसरत गेलं, न थांबता, कापड फाडावं तसं – आणि स्नायू बाहेर आले. आतल्या सुजेनं कोंडलेले, रक्त तुटलेले. जांभळे, काळसर, मुके. ती छेदाच्या कडा ओढून धरून उभी होती आणि त्या काळ्या मांसाकडे बघत मनात म्हणत होती, ये, ये, ये... कोमट पाणी ओतलं. कर्नल थांबला. आणि मग एका कडेनं, अगदी आतून, लाली आली. आधी वाटलं भास आहे. मग ती सरकत सरकत आली, पहाटे डोंगरावर येते तशी, जिथं नव्हती तिथं आली, आणि कर्नलनं चिमट्याचं टोक टेकवताच तो स्नायू थरारला.

“बघा,” कर्नल म्हणाला, “बोलला.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हात निर्जंतुक असल्यामुळे ते पुसता आलं नाही. असं काही बघायला मिळावं म्हणून माणसानं जन्म घ्यावा, असं तिला वाटलं. आणि वाटलं ते वाटलं, त्यात लाज कसली.

“तुम्ही तोलिमाकडच्या ना?” कर्नल दुसऱ्या बाजूचा छेद घेत विचारत होता. “तामालच्या पानात मक्याच्या पिठाबरोबर तुम्ही अख्खं उकडलेलं अंडं घालता म्हणे. आमच्याकडे असं अंडं घातलं तर बायको माहेरी पाठवतात.”

“पाठवा की,” ती मास्कमधून म्हणाली, “तिकडे तिला निदान चांगलं तामाल मिळेल.”

कर्नल खांदे हलवत हसला, हात मात्र जागचा हलला नाही.

“साहेब,” तिनं विचारलं, “तुम्ही लष्करात नसता, साधे डॉक्टर असता तर काय केलं असतं?”

“पोटरीत सुई घालून दाब मोजला असता. तेही बरोबरच आहे. पण सुई घालावी असं डोक्यात यायला आधी कुणीतरी ओरडावं लागतं ना. संध्याकाळपर्यंत तो ओरडला नसता. आणि संध्याकाळनंतर ओरडायला पायच उरला नसता.”

एवढंच. तो पुन्हा अंड्याच्या विषयावर गेला. आणि ती कडा ओढून धरून उभी राहिली, बोटं बधिर होईपर्यंत, आणि तिच्यात काहीतरी पेटलं होतं, हावच म्हणायची. आजवर तिला वाटत होतं की चाकू मिळवण्यासाठी लेफ्टनंटची पट्टी सोसायची – कवायत, सलाम, पॉलिश, सगळं एक कडू औषध, नाक दाबून प्यायचं. आता तिला पट्टीच हवी होती. मला तो शब्द हवा. मी वाकले, गोड बोलले, घाम पाहिला, चीज पाहिलं, आणि तो पोरगा माझ्यासमोर मरत होता आणि मला आपली कृपा म्हणत होता. विद्या कमी पडली नव्हती माझी. आवाज कमी पडला होता. असल्या आवाजासाठी चार वर्षं काय, चौदा वर्षं द्यावीत, जंगलात गोचिड्या उपटाव्यात... होच म्हणायचं. यात बघायचं काय उरलं? घोडं गंगेत न्हालं.

हे सांगायला तिनं दुपारी आईला फोन लावला. मागच्या गॅलरीत कुणी नव्हतं. समोर पूर्वेचे डोंगर निम्मे ढगात गेले होते. आईनं फोन उचलला तो कोंबड्यांना हाकलता हाकलता.

“अजून तिथंच आहेस का?”

“हो. आई, ऐक ना, आज एक पोरगा...” आणि तिनं सगळं सांगितलं, धापा टाकत, मध्येच मागं जाऊन, खेचरासकट.

“त्याची आई कुठली?” आईनं विचारलं.

“पास्तोकडची असेल.”

“तिला कळवलंय का?”

“कळवतील गं.”

“हं.” आईनं पुन्हा कोंबड्यांना हुसकलं. “आणि त्याला गप्प राहायला कुणी शिकवलं होतं?”

युरानीनं गॅलरीचा कठडा धरला.

“त्यांनीच ना? मग कौतुक कसलं एवढं, पोरी? कडी ज्यानं घातली त्यानंच काढली.”

“तसं नाही, आई. तू तिथं असतीस तर...”

“मी तुला नको म्हणत नाही. मी नको म्हटल्यानं तू थांबणारेस थोडीच, बापावर गेलीयस. पण गप्प राहणं म्हणजे काय, ते मला नको सांगूस. ते मी तुम्हाला शिकवलं. म्हणून तर तू आणि तुझा भाऊ आज जिवंत आहात.” आणि मग, जणू काही घडलंच नाही अशा आवाजात, “काही खाल्लंस का?”

आई चुलीपुढून मान न वळवता आवाजावरून ओळखायची... हे युरानीला आत्ता, या क्षणी, डोंगराकडे बघताना सुचलं, आणि कठडा तिच्या हाताला बर्फासारखा लागला. मी टेबलाखाली होते, माझी आठवण वेळोवेळी नाड्या घालते आणि काढते. पण आईनं ऐकलं होतं. आईला ठाऊक आहे. त्या दिवसापासून ठाऊक आहे. इतकी वर्षं एका चुलीपुढं जेवलो आम्ही, आणि मी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही. आज लेक त्या रांगेत जाऊन उभी राहायची म्हणते, आणि तरीही ती ना हो म्हणते ना नको म्हणते, विचारते ती जेवणाचं.

“आई...”

“काय?”

आई, ते बूट कसले होते? सगळं वाक्य तयार होतं. एवढा छोटा प्रश्न. तो तोंडापर्यंत आला, आणि तोंडात जीभ अशी पडली होती की जणू ती दुसऱ्या कुणाची आहे.

“काही नाही. खाल्लं मी.”

तुल्कान शुद्धीवर येऊन पुन्हा झोपला होता. पाय उंचावर ठेवलेला, दोन्ही बाजूंचे छेद ओल्या कापडाखाली उघडेच, दिवसांनी शिवतील. बोटं गुलाबी होती. त्याचे हात कसेही पडले होते, एक पोटावर, एक खाटेबाहेर, आणि तोंड उघडं. तिनं बाहेरचा हात उचलून आत ठेवला. त्याला जाग आली.

“आता दुखतं का?”

“दुखतं, डॉक्टरीणबाई,” तो चटकन म्हणाला, आणि मग स्वतःच घाबरून तिच्याकडे बघू लागला, काही चुकलं का म्हणून.

“दुखू दे,” ती म्हणाली. “सांगतोस ते बरं करतोस.”

त्यानं मान हलवली, पुन्हा डोळे मिटले. ती त्याच्याजवळ बसून राहिली आणि तिला काय वाटत होतं ते एका जागी ठरेना – आई खरं बोलली होती, अक्षर न् अक्षर खरं. आणि सकाळी तिनं डोळ्यांनी पाहिलेलंही खरं होतं. आणि गप्प करणारा शब्द आणि बोलता करणारा शब्द, दोन्ही एकाच लष्कराच्या पोटातून आलेले. ज्या आवाजासाठी ती सकाळी भुकेली झाली होती तो मिळवायचा, तर आधी ‘सावधान’ म्हणायला शिकायचं, वॉर्डाच्या दारात, रोज. आणि तो ऐकून कुणा आईच्या पोरानं छताकडे बघायचं. आणि त्यातल्या एकाला वेळेवर तिचा ‘विश्राम’ मिळाला नाही, तर? तरीही तो मोह कमी होत नव्हता. उलट आता त्याला भीतीची धार आली होती, आणि त्यानं तो जास्तच मोठा वाटत होता.

दार उघडलं. कर्नल बुरिटिका आत आले, घरी निघालेले, डोक्यावर टोपी, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी, त्याला लोण्याच्या पावाचा वास. त्यांनी झोपलेल्या पोराच्या बोटांना स्पर्श केला, समाधानानं हुंकार दिला, आणि तिच्यापुढं येऊन उभे राहिले.

“बोला, डॉक्टरीणबाई.”

ती उठली होती. केव्हा उठली, कळलं नाही. हनुवटी वर होती, हात अंगालगत, अंगठे शिवणीवर – कुणी हुकूम दिला नव्हता, कुणी शिकवलं नव्हतं, कवायत अजून व्हायची होती. आणि अंग मात्र असं उभं होतं की जणू टेबलाखालून बाहेर पडलं तेव्हापासून ते असंच उभं आहे. हो म्हणायचं होतं. नाही म्हणायचं होतं. दोन्ही शब्द जिभेवर होते आणि दोन्ही आता क्षुल्लक वाटत होते. कर्नल घाई करत नव्हते. चष्म्याच्या दोऱ्याशी चाळा करत ते तिच्याकडे बघत होते. आणि तिला कळलं की दिवसभर जो शब्द, तो ‘विश्राम’, आपल्याला म्हणायला हवा आहे असं आपण समजत होतो, तो आपल्याला ऐकायला हवा आहे. ती त्याचीच वाट बघत उभी आहे, हो-नाहीच्या आधी, सर्जरीच्याही आधी. तो आता यांनी उच्चारला, तर आपल्या तोंडून काय बाहेर पडेल, कुणाचं नाव, कसला आवाज, याची तिला कल्पना नव्हती. पण पडावं, असं तिला वाटलं – आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं – आणि तिनं श्वास रोखून धरला.